गच्चीवरचं तापलेलं खोकं

होळी पेटली की दुसऱ्या दिवशी आमच्या घरी एसीची जाळी धुतली जाते. धुळवडीच्या रंगानं माखलेली पोरं खाली गल्लीत ओरडत असतात आणि मी न्हाणीघरात पाटावर बसून ती निळसर जाळी नळाखाली धरते. कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश, साबण अगदी नावाला. आधी करडं पाणी निघतं, मग धाग्यांचा एक ओला गोळा हाताशी येतो. सुरतेची धूळ मातीची कमी आणि धाग्यांची जास्त. लिंबायतच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मागच्या गल्लीत कापड विणणारे लूम खटखटत असतात आणि त्यांचा कापूस, नायलॉन, पॉलिस्टर जे काय असेल ते आपल्या पापडावर, पुस्तकावर, देवाच्या फोटोवर येऊन बसतं.

आता सर्व्हिसला माणसं येतात. पाठीला पंप लावून, मोबाइलवर बोलत बोलत सगळं धुऊन जातात. मी त्यांना चहा देते, पण जाळीला हात लावू देत नाही. ती मीच धुणार आणि सावलीतच वाळवणार. उन्हात ठेवली की प्लास्टिक वाकडं होतं आणि मग ती खाचेत बसत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, एक जाळी वाकडी करून मी ते शिकले. ओल्या जाळीचा तो वास आला की नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा उठून बसतो. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंतचा, सबंध. त्या उन्हाळ्यात मी एका यंत्राशी जेवढी भांडले तेवढी आयुष्यात कुणाशी भांडले नसेन, आणि माझा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ कळेल.

आमचे हे तेव्हा कडोदऱ्याला, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगाचे मास्तर होते. कापड रंगून आलं की ते दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उजेडाला धरायचं आणि छटा बरोबर उतरली की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. संक्रांतीच्या सुमाराला वाफेच्या नळाचा सांधा सुटला आणि मान, उजवा खांदा, काख आणि पाठ भाजली. दवाखान्यातले ते आठवडे मी इथे आणत नाही. घरी आले तेव्हा मांडीची कातडी खांद्यावर लावलेली होती, आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, मुंबईहून मापानं शिवून आणलेलं घट्ट बनियन दिवसरात्र अंगात पाहिजे, आंघोळीपुरतं काढायचं. नाहीतर नवी कातडी जाड होऊन आखडेल आणि हात खांद्याच्या वर जाणार नाही. दुसरी, लावलेल्या कातडीला घाम येत नाही, म्हणून माणूस गार खोलीत ठेवायचा.

सुरतेच्या चैत्रात घट्ट बनियन. ज्याला हा दमट उन्हाळा ठाऊक आहे त्यानं नुसती कल्पना करावी. इथे मलमलचा सदरा अंगाला चिकटतो.

ह्यांचं म्हणणं, गावाला जाऊ. अमळनेरच्या पुढचं आमचं गाव, शेतातला मोठा निंब, त्याच्या सावलीत खाट. आत्याबाईंचंही तेच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लेकाचं कळलं तसं गावच्या घराला कुलूप लावून आल्या होत्या आणि दवाखान्यापासून त्याच्या उशाशी होत्या. पण निंबाची सावली वैशाखात किती पुरते ते मला माहीत होतं. तिथे पहिल्याच आठवड्यात बनियन खुंटीला लागलं असतं, आणि हातही तिथेच अडकला असता. मी म्हटलं, कुठेही जायचं नाही. हा हात वर गेला पाहिजे.

कारखान्याच्या शेठांनी त्यांच्या केबिनमधला एसी काढून पाठवला. तेव्हा आमच्या सोसायटीत खिडकीत बसवायचा एसीही कुणाकडे नव्हता, आणि हा तर स्प्लिट. दोन खोकी, मध्ये तांब्याच्या नळ्या. लांबट पांढरं खोकं खोलीत, भिंतीवर वर. जड खोकं बाहेर. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणून बाहेरचं खोकं डोक्यावर गच्चीत बसलं. बसवणाऱ्यानं व्होल्टेजचा स्टॅबिलायझर दाराच्या चौकटीच्याही वर, फळीवर ठेवला आणि मुख्य बटण त्याच्या बाजूलाच लावलं. खाली लावलं तर येता जाता कुणीही दाबेल, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे चालू बंद करायला मला दर वेळी स्टुलावर चढावं लागे. रिमोट होता, पण शेठांच्या केबिनमध्येच त्याचे प्राण गेले असावेत. नव्या सेलनीही तो उठला नाही. मग खोक्याच्या पोटातलं छोटं बटण आणि हे वरचं, एवढ्यावर आमचा कारभार.

पहिले दिवस सगळी गंमतच. थंडी किती हवी ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी झाकणाखालचा काटा सगळ्यात गार खुणेला नेऊन ठेवला, लवकर गार होईल या हिशेबानं. आत्याबाई चैत्रात स्वेटर घालून बसल्या, हे चादरीत कुडकुडले, आणि तिसऱ्या प्रहरी आतल्या खोक्यात बर्फ धरून गार वारा येईनासा झाला. मग मी एसीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका काढली. मी मराठी शाळेची मास्तरीण, सकाळच्या पाळीला चौथीचा वर्ग. इंग्रजी वाचताना ओठ हलायचे, पण वाचलं. जास्त गार मागितलं म्हणून यंत्र जास्त वेगानं गार करत नाही, ते फक्त जास्त वेळ राबतं. जाळी तुंबली की बर्फ धरतो. पाण्याची नळी उताराला हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा बंद केलं की तीन मिनिटं थांबल्याशिवाय पुन्हा चालू करायचं नाही, नाहीतर आतल्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. या तीन मिनिटांचा मी घरात कायदाच केला. वीज जाऊन आली तरी मी घड्याळाकडे बोट करून उभी राहायची आणि हे म्हणायचे, शाळेतली पोरं तुला काय म्हणतात ते आता मला कळलं.

पुस्तिकेत महिन्यातून दोनदा जाळी धुवा असं होतं. ती लिहिणाऱ्यानं लूम पाहिलेला नसणार. आमच्याकडे दोन दिवसांत जाळीवर गोधडी तयार व्हायची. मी शाळेतून आले की आधी जाळी, मग जेवण. नळीत शेवाळ धरून पाणी भिंतीवरून ओघळू लागलं तेव्हा नळीला तोंड लावून फुंकलं. तोंडात काय आलं ते विचारू नका. शेजारच्या जसुबेन भाजी निवडायला गार खोलीत येऊन बसू लागल्या, त्यांच्यामागे आणखी दोघी. मी हात जोडून सगळ्यांना दाराबाहेर ठेवलं. जखमेला संसर्ग नको म्हणून, हे सांगितलं. तरी त्या रागावल्या, तर रागावल्या.

आणि मग वैशाख लागला आणि यंत्र रोज दुपारी बसू लागलं.

सकाळी झकास चालायचं. मी शाळेतून येऊन जाळी धुऊन लावीपर्यंतही ठीक. ऊन माथ्यावर आलं की आतून नुसता पंख्याचा वारा, गारवा नाही. बघता बघता खोली तापायची. ह्यांच्या कपाळावर घाम, मानेवर घाम, आणि बनियनच्या आत, जिथे घाम येतच नव्हता, तिथे आग. खाज अशी की माणूस खाटेच्या कडेला पाठ घासायचा. दोनदा त्यांनी बनियन काढून भिरकावलं. दुसऱ्या वेळी खांद्यावरून रक्त आलं. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी हात उचलायला सांगितला. खांद्याच्या रेषेशी येऊन तो थांबला, जणू तिथे खुंटी मारलेली. डॉक्टर शांतपणे म्हणाले की असंच राहिलं तर काखेत पुन्हा कापावं लागेल, आणि तरीही पूर्ण जाईल याची खात्री नाही. परतताना रिक्षात हे म्हणाले, गावाला जाऊ. मी म्हटलं, दुपार दुरुस्त करू.

मला त्या दिवसांचा अजून अभिमान वाटतो, सांगून टाकते. रडायचं असेल ते न्हाणीघरात जाळी धुताना रडून घेतलं आणि बाहेर येऊन कामाला लागले. आधी संशय व्होल्टेजवर. दुपारी सगळे लूम एकदम चालतात, दाब पडत असेल. मी स्टुलावर उभी राहून स्टॅबिलायझरचा काटा पाहत राहिले. काटा जागचा हलला नाही आणि तेवढ्यात गारवा गेला. म्हणजे वीज नाही. जाळी स्वच्छ. नळी मोकळी. मग रमणभाई मेकॅनिकला बोलावलं. दिवसभर त्यांना उधन्याच्या बाजूची कामं, त्यामुळे ते दिवेलागणीला आले. गच्चीवर जाऊन आले, नळीला हात लावला, कान लावला. यंत्र गुणी बाळासारखं चालत होतं. "बेन, मशीन तो मस्त चाले छे," असं म्हणून ते चहा पिऊन गेले. मी दुपारी या म्हटलं, ते हो म्हणाले, आणि पुन्हा संध्याकाळीच आले. पुन्हा मस्त. निघताना म्हणाले, गॅस कमी असेल कदाचित. मी मनात म्हटलं, दुपारी कमी होऊन संध्याकाळी भरणारा गॅस कुठला?

त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. ज्याला दुखणं दिसलंच नाही तो औषध काय देणार. पण मी वर्गात पोरांना सांगायची तेच मला आठवलं. गणित चुकलं तर उत्तर खोडू नका, कुठल्या पायरीला चुकलं ते शोधा. घरातल्या साऱ्या पायऱ्या तपासून झाल्या होत्या. उरली होती फक्त गच्ची.

गच्ची त्या दिवसांत आत्याबाईंची होती. दवाखान्यातून सुटका झाल्यावर त्यांच्या हाताला काम नव्हतं. लेकाला हात लावायला नर्सनं बंदी केलेली, यंत्राला हात लावायला सुनेनं. मग त्यांनी वाळवणं काढली. कुरडया, बिबड्या, नागलीचे पापड. गुडघे धरून जिना चढायच्या आणि उन्हात वाळवण राखत बसायच्या, कबुतरांपासून आणि लूमच्या धाग्यांपासून. पातळाचा काठ ओला घेऊन उतरायच्या. मी समजायची, चिकाचं पाणी.

त्या दुपारी गारवा गेला तशी मी चप्पल न घालताच जिना चढले. वर पाय ठेवला आणि चटका बसून परत पायरीवर आले, मग पदर पायाखाली घेत घेत गेले. बाजेवर कुरडया पसरलेल्या होत्या. त्यांच्यापाशी कुणी नव्हतं. आत्याबाई पलीकडे, एसीच्या खोक्याजवळ. खोक्याला चहूबाजूंनी गोणपाट गुंडाळलेलं, वर सुतळी बांधलेली, जशी आपण उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं बांधतो तशी. शेजारी बादली. आत्याबाई तांब्यानं त्या गोणपाटावर पाणी घालत होत्या, आणि दुसऱ्या हातानं ते थोपटत होत्या.

मी हाक मारली. त्या दचकल्या नाहीत. उलट मला काम समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "तपी गयथं व ते. उन्हमा उभं राहीसन मन्हा पोऱ्यासाठे राबी राह्यनं." बिचारं तापलं होतं, माझ्या पोरासाठी उन्हात उभं राहून राबतंय. ऊन चढलं की त्या ते बांधायच्या, रोज, आणि उतरलं की सोडून, घडी करून, कठड्याला वाळत टाकायच्या. रमणभाई येईपर्यंत गोणपाट वाळलेलं असायचं.

खरं सांगते, पहिला आला तो संताप. या बाईच्या मायेनं माझ्या नवऱ्याचा हात जायची वेळ आली होती. शब्द ओठावर होते. पण त्यांच्या पायांकडे नजर गेली. त्याही अनवाणी होत्या. चप्पल घातलेला पाय यंत्राजवळ नेत नव्हत्या, देवासमोर नेत नाहीत तसा. टाचा भेगाळून काळ्या पडलेल्या. मी सुतळीची गाठ सोडायला बसले.

गोणपाट निघालं तसा आतून भट्टीसारखा झोत निघाला. त्याही मागे सरल्या. मी म्हटलं, आत्याबाई, माठ गारवा धरून ठेवतो, म्हणून त्याला ओलं फडकं. हे खोकं गारवा धरत नाही. तुमच्या लेकाच्या खोलीतलं ऊन उचलून इथे बाहेर फेकतं. हे चुलीवरचं धुराडं आहे. त्या ऐकत राहिल्या. धुराड्यात बोळा कोंबला तर धूर जाणार कुठे, हे जन्मभर चुलीपाशी बसलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्या खाली बसल्या, तापलेल्या गच्चीवर तशाच, आणि म्हणाल्या, मग रोज दुपारी तो माझ्यामुळे तळमळायचा का. मी नाही म्हणाले नाही. खोटं बोलून त्यांचं समाधान झालं नसतं. मी त्यांचा हात धरून त्यांना जिन्याच्या सावलीला नेलं आणि म्हटलं, आता याला राखायचं कसं ते ठरवू, राखणाऱ्या तुम्हीच.

रडण्यात त्यांनीही वेळ घालवला नाही. त्या बाबतीत आम्ही दोघी एकाच मातीच्या. संध्याकाळच्या आत गोडादऱ्याहून बांबू आणवले. खोक्याच्या चारी बाजू मोकळ्या ठेवून, माणूस खालून वाकून जाईल एवढ्या उंचीवर, तेच गोणपाट मांडवासारखं ताणलं. वरून सावली, समोरून वाऱ्याला वाट. मागची पुस्तकाच्या पानांसारखी पत्र्याची जाळी धाग्यांनी चोंदली होती, ती मी त्यांना रंगाऱ्याच्या मऊ कुंचल्यानं झाडायला शिकवली. वरून खाली, आडवा हात मारायचा नाही, पत्रे वाकतात. दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर आलं, कलंडलं, आणि खोली गारच राहिली. त्या दुपारी हे बनियन घालून झोपले. मी त्यांच्या श्वासाकडे बघत भिंतीला टेकून बसले आणि जेवायची विसरले.

पुढचा सगळा उन्हाळा आत्याबाईंनी गच्चीवर पहारा दिला. कुणी खोक्यासमोर चादर वाळत घातली की ती उचलून दुसरीकडे. जसुबेनशी त्यांचं यावरून दोनदा वाजलं, एकीचं अहिराणीत, एकीचं गुजरातीत, आणि दोघींना दोन्ही कळलं. खोली पुरेशी गार झाली की यंत्र आपोआप थोडा वेळ थांबतं, हे मात्र त्यांना मी शेवटपर्यंत पटवू शकले नाही. वरचा पंखा थांबला की जिन्यातून हाक यायचीच, "बंद पडनं का व?" मी खालून ओरडायची, नाही, विसावा घेतंय. यंत्राला कसला विसावा, म्हणत त्या दोन पायऱ्या उतरून बघायच्या, तोवर ते सुरू व्हायचं. दिवसातून कितीदा ते मोजलं नाही. आजही वर पंखा थांबला की मला ती हाक ऐकू येते आणि मी मनातल्या मनात उत्तर देते.

खाली खोलीत आमची दुसरी लढाई. खोबरेल लावून कातडी चोळायची, मग हात भिंतीवर बोटांनी चालत चालत वर न्यायचा. जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलनं रेघ ओढायची. रेघा मुंगीच्या पावलानं वर सरकत होत्या. कधी आठवडा आठवडा एकच रेघ दाट व्हायची. हे वैतागायचे, मला हेडमास्तरीण म्हणायचे, एकदा पेन्सिल हिसकून मोडली. मी दुसरी आणली. शाळेत पेन्सिलींना तोटा नाही.

ज्येष्ठातली ती दुपार साधी होती. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मी बाजूच्या खोलीत पुस्तकांना कव्हरं घालत होते. यंत्राची घरघर इतकी अंगवळणी पडलेली की ती ऐकू यायची नाही. ती थांबली तेव्हाच ऐकू आली. आधी वाटलं, विसावा. पण आतला पंखाही थांबला होता. वीज गेली म्हणावं तर मागे लूम खटखटत होते.

मी दारात आले. हे चौकटीजवळ उभे होते, बनियन घातलेले, माझ्याकडे पाठ. उजवा हात डोक्याच्या वर, सरळ, फळीपर्यंत गेलेला. बोट बटणावर. स्टूल कोपऱ्यात जिथल्या तिथे होतं.

मी दारातच थांबले. हाक मारली असती तर तो हात खाली आला असता असं मला वाटलं.

तेवढ्यात जिन्यात धाव ऐकू आली. गुडघे दुखणाऱ्या बाईची धाव, एक पाय टेकत, एक ओढत. आत्याबाई दारात आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, हातात तो कुंचला.

"बंद पडनं का?"

"नही व माय," हे म्हणाले. "मीच बंद कयं."

त्यांनी लेकाकडे पाहिलं. मग वर बटणाकडे. मग पुन्हा त्या हाताकडे, जो आता हळूहळू खाली येत होता. कुंचला त्यांनी पदरात घेतला आणि भिंतीशी बसल्या.

"आखो एकदाव करी दखाड," त्या म्हणाल्या.

पुन्हा एकदा करून दाखव. ह्यांनी हात उचलायला घेतला आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं. कायदा माझाच होता. मी घड्याळाकडे बोट केलं आणि म्हटलं, तीन मिनिटं.

खोली तापू लागली. मागे लूम चालू होते. तिघंही बसून राहिलो, हे खाटेवर, आत्याबाई जमिनीवर, मी उंबऱ्यात. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि कुणी पुसत नव्हतं. मग काटा सरकला. मी मान हलवली आणि ते उठले.